मुरादचं तिसरं रीळ

१

तिसऱ्या डब्याचं झाकण निघालं आणि हमीदभाईंचा हात जागच्या जागी थबकला.

"प्रज्ञा बेटा," ते हलकेच म्हणाले, "इसमें रील नहीं है."

दुबई मरीनातल्या एकतिसाव्या मजल्यावर प्रज्ञाच्या घरच्या हॉलमध्ये तीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. बाहेर दुपार रणरणत होती, पण खिडक्यांवर जाड चादरी लावून अंधार केला होता. भिंतीवरच्या पांढऱ्या कापडावर 'सरहद्दीचा चंद्र' या शंभर वर्षांमागच्या मूकपटाचं दुसरं रीळ नुकतंच संपलं होतं. नाशिककडच्या डोंगरांना अफगाण सरहद्द बनवून काढलेला तो सिनेमा. टोळीच्या सरदाराची मुलगी गुलजमीना, तिच्यावर जीव टाकणारा वाटाड्या मुराद, आणि खिंडीच्या तोंडाशी तोफा घेऊन आलेली इंग्रजांची पलटण. मुरादनं गावची माती मुठीत धरून गुलजमीनेला शपथ दिली आणि पलटणीच्या दिशेनं घोडा फेकला. तिथे रीळ संपलं. पडद्याशेजारी उभं राहून आख्यान लावणाऱ्या कीर्तनकार महादूबुवांची चिपळी हवेतच राहिली.

पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुराद इंग्रजांना चुकीच्या खिंडीत नेतो, गाव वाचवतो आणि स्वतः मरतो. ठाऊक असणारच, कारण मुरादचं काम करणाऱ्या गोविंदराव रसाळांचा नातू, म्हणजे प्रज्ञाचे वडील संजयकाका, ही गोष्ट उभा जन्म सांगत आले होते. आत्ताही ते पुढच्याच खुर्चीत बसले होते. पांढराशुभ्र झब्बा, कपाळावर बुक्क्याचा ठसठशीत काळा टिळा. त्यांच्या मागे भिंतीवर गोविंदरावांचा मुरादच्या वेषातला फोटो होता. फेटा, मिशा, छातीवर गोल पदक.

"नाही म्हणजे?" प्रज्ञाचा नवरा नीलेश दिव्याच्या बटणाकडे धावला. "जगात ही एकच प्रत आहे, हमीदभाई. पुढच्या आठवड्यात तिची डिजिटल कॉपी व्हायचीय. गेली तर गेली, खलास."

दिवे लागले. सगळ्यांची तोंडं उजेडात एकाएकी उघडी पडल्यासारखी दिसली. आणि मग, का कोण जाणे, सगळ्यांनी कावेरी गद्रेकडे पाहिलं.

२

कावेरीची नोकरी विमा कंपनीतली. बंदरात माल बुडाला, गोदामाला आग लागली, की दावा खरा का खोटा हे शोधायचं तिचं काम. म्हणून इथल्या मराठी मंडळींत तिचं नाव 'क्लेमवाल्या कावेरीताई'. पण हे पोटासाठी. जीव रमायचा तो कीर्तनात. जेबेल अलीला बांधकामाच्या परांच्यांवर फोरमन असलेले महादूबुवा सुट्टीच्या दिवशी वीणा-चिपळ्या घेऊन उभे राहिले की कावेरीच्या डोळ्यांना आपोआप धार लागायची. आजची कल्पनाही तिचीच. मूकपटाला आवाज नाही आणि आमच्या बुवांना आवाज आहे. तेव्हा पूर्वरंग नेहमीसारखा आणि उत्तररंगातलं आख्यान भिंतीवर. तिचा एक भाबडा विश्वासही होता की कीर्तनात बसलेला माणूस निदान तेवढा वेळ तरी खोटं वागत नाही.

"ताई, तुम्हीच बघा," प्रज्ञा म्हणाली. "पोलीस वगैरे नको मला."

"का नको?" नीलेश म्हणाला. "सूर्य मावळेपर्यंत थांबतो. मग मी फोन करणार."

कावेरीनं हमीदभाईंना विचारलं, "डबे तुमच्याकडे कधीपासून?"

हमीदभाईंचं शारजात टीव्ही आणि प्रोजेक्टर दुरुस्तीचं दुकान. मूळचे पेशावरकडचे पठाण. उमेदीच्या काळात टॅक्सी चालवायचे, तेव्हापासून त्यांची आणि संजयकाकांची दोस्ती. प्रज्ञानं वडिलांना न विचारता ट्रंकेतले डबे त्यांच्याकडे सफाईला धाडले होते. आज शारजाच्या ट्रॅफिकमधून ते कसेबसे पोचले तेव्हा बुवांचं नमन सुरू झालं होतं.

"मैं सीधा बाजूवाले कमरे में गया," ते म्हणाले. "तीनों रील चेक कीं. पूरा टाइम वहीं बैठा मशीन सेट करता रहा. जब आप लोग खड़े होकर गाने लगे, तब बाहर आया. फिर पेटी और मशीन उठाकर यहाँ."

कावेरीनं मनाशी धागा ओढला आणि सवयीनं बोलूनही गेली. "म्हणजे खोली रिकामी होती ती फक्त मध्यंतरात. रीळ तेव्हाच गेलं. आणि मध्यंतरात हॉलमध्ये जो होता, त्याच्या कपाळाला मी माझ्या हातानं बोट लावलंय."

ते खरंच होतं. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायचा, सगळ्यांनी उभं राहून भजन म्हणायचं, आणि कुणीतरी थाळी घेऊन एकेकाला टिळा लावून हातावर खडीसाखर ठेवायची, ही कीर्तनाची रीत. आज थाळी कावेरीकडे होती. ऐनवेळी तिची बुक्क्याची डबी रिकामी निघाली, पुण्याहून येणाऱ्या कुणाला सांगायचंच राहून गेलं होतं. मग प्रज्ञाच्या देव्हाऱ्यातलं अष्टगंध घेऊन तिनं वेळ साजरी केली होती.

पण बोललेल्या शब्दाचा अर्थ तिला बोलून झाल्यावर कळला. तीस माणसांनी एकमेकांच्या कपाळांकडे पाहिलं. मग सगळ्या नजरा एकाच कपाळावर जाऊन थांबल्या.

हमीदभाईंचं कपाळ कोरं होतं.

३

"मला तसं म्हणायचं नव्हतं," कावेरी म्हणाली. पण नीलेश तोवर हमीदभाईंच्या बॅगेपाशी पोचला होता.

"आय ॲम सॉरी, हमीदभाई. पण बघावं तर लागेल."

"देखो," हमीदभाई म्हणाले आणि स्वतःच चेन ओढली. पेचकस, मऊ ब्रश, तेलाची बाटली, जेवणाचा डबा, गुंडाळलेली जानमाज. नीलेशनं ती नमाजाची चटईसुद्धा उलगडून झटकली. तीस माणसं बघत होती आणि कुणी हूं की चूं केलं नाही. संजयकाका तर खिडकीवरच्या चादरीकडे असे बघत होते जणू तिच्यावर काही लिहिलंय. बॅगेत रीळ नव्हतं.

नीलेशनं चटई चुकीची घडी करून ठेवली. हमीदभाईंनी ती परत काढली, नीट गुंडाळली, आत ठेवली.

कावेरीला जमीन दुभंगावी असं झालं. तिनं प्रज्ञाला बाजूला घेतलं.

"संजयकाका मध्यंतरात कुठे होते?"

"ताई, काय विचारता? समोरच होते की. कपाळावर टिळा दिसत नाही का एवढा मोठा?"

दिसत होता. कावेरी पुढे वळली ती कुशलकडे. कुशल इथेच वाढलेला, सिनेमाचा अभ्यास करणारा तरुण, हे रीळ आधी मला द्या म्हणून महिनाभर प्रज्ञाच्या मागे लागलेला. कपाळावरचं अष्टगंध घामानं नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलं होतं.

"माझ्याकडे बघू नका हां, ताई. यू मेड मी टेक ऑफ माय कॅप, रिमेंबर? टिळ्यासाठी."

आठवलं. टोपी काढायला लावून, वर "देवापुढे तरी काढ रे बाबा" असा टोमणाही तिनं मारला होता.

"तुला शेवटच्या रिळाची एवढी घाई का होती?"

कुशल घुटमळला. "कारण शेवट वेगळा असणार. बघा ना, त्या काळात सिनेमा सरकारी बोर्डाला दाखवावा लागायचा. इंग्रजांची अख्खी पलटण मरते, हा शेवट त्यांनी पास केला असता? नो वे. मी काकांना परवा हेच विचारलं. केवढे चिडले. म्हणाले, तू मला माझ्या आजोबांची गोष्ट शिकवणार का?"

कावेरीनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग जवळ जाऊन पाहिलं. मुरादच्या छातीवरचं पदक. इतकी वर्षं ते शौर्यपदक म्हणून सगळे बघत आले होते. त्यावर मुकुट घातलेलं एक डोकं होतं. इंग्रजांच्या बादशहाचं.

ज्यानं बादशहाची पलटण बुडवली, त्याच्या छातीवर बादशहाचं पदक कुणी लावलं?

४

हमीदभाई बाजूच्या खोलीत प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. कावेरी दारातच उभी राहिली. आत जायचा धीर होईना.

"बैठिए बाजी," ते बहिणीला म्हणावं तसं म्हणाले.

"हमीदभाई, भजन सुरू होतं तेव्हा तुम्ही नक्की कुठे होतात? कुणी पाहिलं का तुम्हाला?"

"दरवाज़े के पास. आप थाली लेकर मेरे सामने से गुज़रीं."

तिला आठवेना. म्हणजे, दारापाशी कुणीतरी उभं आहे हे आठवत होतं. पण पठाण माणूस, मुसलमान, त्याच्यापुढे गंधाची थाळी धरली तर त्याला अवघडल्यासारखं होईल, म्हणून तिनं शहाणपणानं नजर खाली घातली होती आणि पुढे गेली होती. खडीसाखरसुद्धा न देता. त्या शहाणपणाला इतका वेळ ती सौजन्य समजत होती.

"मी तुम्हाला पाहिलं नाही," ती म्हणाली.

"हाँ. आपने देखा नहीं." हमीदभाईंच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच जास्त बोचलं. "एक मिश्री का टुकड़ा मेरे पाँव के पास गिरा था. आपने उठाया, माथे से लगाया, साड़ी में गाँठ बाँध ली. ऊपर नहीं देखा."

कावेरीचा हात पदराकडे गेला. गाठ होती. तिनं ती सोडली. आत खडीसाखरेचा एक खडा. प्रसाद पायदळी जाऊ नये म्हणून बांधून घेतलेला. भजनाच्या त्या धांदलीत हे करताना तिचं तिलाच भान नव्हतं, मग दुसऱ्या कुणाला कुठलं असायला? हे पाहू शकला असेल तो फक्त तिच्या पुढ्यात उभा असलेला माणूस.

म्हणजे हमीदभाई हॉलमध्येच होते. तिचा हिशेबच मुळात चुकला होता. कपाळावर टिळा नाही म्हणजे माणूस नव्हता, हे फक्त आपल्या माणसांना लागू. आणि तिनं ते आपल्यात न धरलेल्या माणसाला लावलं होतं.

"तुम्ही हे सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"कौन मानता?" ते म्हणाले. "दुकान का लाइसेंस है, वीज़ा है, दो लड़कियाँ पढ़ रही हैं. पुलिस ने बुलाया, इतना भी काफ़ी है. बोलकर क्या करता."

खिडकीखाली मरीनाच्या पाण्यात पांढऱ्या बोटी उभ्या होत्या. ऊन पिवळं पडत चाललं होतं. कावेरीनं काचेत स्वतःचं प्रतिबिंब पाहिलं. विस्कटलेले केस, लाल झालेले डोळे, आणि कपाळावर अष्टगंधाचा केशरी ठिपका. नीलेशच्या कपाळावर तोच. प्रज्ञाच्या, कुशलच्या, बुवांच्या, सगळ्यांच्या.

सगळ्यांच्या नाही.

५

संजयकाका आपल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसले होते. कोपऱ्यात त्यांचा छोटा देव्हारा होता, त्यापुढे बुक्क्याची चांदीची डबी. झाकण अर्धवट लागलेलं.

कावेरीनं दार लोटून घेतलं.

"काका, तुमच्या कपाळावर टिळा कुणी लावला?"

"तूच की गं. आणखी कोण?"

"माझ्या थाळीत आज बुक्का नव्हता. डबी रिकामी निघाली. मी सगळ्यांना अष्टगंध लावलंय."

काकांचं बोट कपाळाकडे गेलं आणि अर्ध्या वाटेवर थांबलं. त्यांनी समोरच्या आरशात पाहिलं. बुक्का म्हणजे कीर्तन आणि कीर्तन म्हणजे बुक्का. थाळीत दुसरं काही असेल हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. आणि काळा टिळा डोळ्यांच्या इतका सवयीचा की कावेरीनं तो इतका वेळ पाहूनही पाहिला नव्हता.

"भजनाला सगळे उभे राहिले, त्या गर्दीत तुम्ही मागे सरलात," ती म्हणाली. "हमीदभाई बाहेर आलेले पाहिलेत, बाजूच्या खोलीत गेलात, रीळ इथे आणलंत. मग आठवलं की सगळ्यांना टिळे लागले असतील. म्हणून देवापुढच्या डबीत बोट बुडवून कपाळावर ओढलंत."

काकांनी उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि रीळ काढून मांडीवर ठेवलं.

"लहान असताना एकदाच पाहिला होता हा सिनेमा," ते म्हणाले. "आमच्या ओसरीवर. मुराद इंग्रजांना खरी खिंड दाखवतो, कावेरी. जमादारकीच्या लोभानं. गाव जळतं, गुलजमीना आगीत सापडते, आणि माझे आजोबा छातीवर पदक लावून निशाणाला सलाम ठोकतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या."

"मग ही चुकीच्या खिंडीची गोष्ट कुठून आली?"

"हमीद पहिल्यांदा जेवायला घरी आला, तेव्हा आपल्या गावाचं बोलत होता. अर्ध्या गावाला अजून जळकी वस्ती म्हणतात म्हणाला, त्याच्या पणजोबांच्या वेळेस इंग्रजांच्या फौजेनं जाळलेली. त्या फौजेत आपलेही शिपाई होते गं. मला काहीतरी द्यायचं होतं त्याला. बोलून गेलो, माझ्या आजोबांनी सिनेमात तुमच्या बाजूनं जीव दिला. त्यानं मला मिठी मारली. मग ते वाक्य मागे कसं घ्यायचं? वाढवतच गेलो. प्रज्ञानं डबे परस्पर त्याच्याकडे धाडले हे मला कळलं, तेव्हा ते शारजात पोचले होते."

"ते मी समजू शकते," कावेरी म्हणाली. "पण हमीदभाईंची बॅग उघडली तेव्हा?"

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसायला लागले. बुक्का पुसला की जात नाही, पसरतो. टिळ्याचा डाग झाला, डागाचा पट्टा झाला, भुवईपासून केसांपर्यंत सगळं कपाळ काळं झालं.

"चला बाहेर," कावेरी म्हणाली. "तुम्ही एकटे नाही. मलाही त्यांची माफी मागायचीय, आणि माझी चूक तुमच्याहून आधीची आहे. त्यांच्याकडे बोट पहिलं माझं गेलं."

"तोंड धुऊन येतो."

"असेच चला, काका."

६

हॉलमध्ये महादूबुवा वीणा मांडीवर घेऊन नुसते बसून होते. हमीदभाई यंत्रापाशी परतले होते आणि नीलेशच्या हातात फोन होता. संजयकाका त्या काळवंडलेल्या कपाळानं आत आले, हातात रीळ, आणि सगळ्यांना एका क्षणात सगळं कळलं. नीलेशनं फोन खिशात घातला.

काकांनी बोलायला सुरुवात केली. खिंडीची गोष्ट, पदकाची गोष्ट, टिळ्याची गोष्ट. मराठीत सुरू केलं, मग हमीदभाईंकडे वळून हिंदीत. काही गाळलं नाही. शेवटी पायाला हात लावायला वाकले तर हमीदभाईंनी खांदा धरून वर केलं.

"संजय," ते म्हणाले, "मैंने सफ़ाई करते वक़्त तीनों रील देख ली थीं. एक-एक फ्रेम, बत्ती के सामने."

काकांचा चेहरा पांढरा पडला. काळं कपाळ त्यामुळे आणखीच काळं दिसलं.

"तो बोला क्यों नहीं?"

"तेरे दादा का गुनाह थोड़े ही है. सिनेमा है, हबीबी. पैसे मिले, एक्टिंग की. मैंने सोचा, आज रील चलेगी और तू ख़ुद बोलेगा. इसलिए मशीन लेकर आया."

ते थांबले. पुढचं बोलावं की नाही असं त्यांच्या मनात असावं.

"डिब्बा ख़ाली निकला तो मैं समझ गया था. बैग खोली, तब भी मुझे लगा, अब तू बोलेगा."

नीलेश पुढे होऊन "भाईसाब, मैं..." म्हणाला आणि वाक्य तिथेच राहिलं. कावेरीनंही सगळ्यांदेखत हात जोडले. म्हणाली, "हमीदभाई, मी तुम्हाला पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं हे सांगायच्या ऐवजी मी कपाळं मोजली." त्यांनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि त्यांनी ते म्हणावं अशी वाटही तिनं पाहिली नाही.

"यल्ला, चलो," हमीदभाई म्हणाले. "मग़रिब की नमाज़ से पहले ख़त्म करते हैं. बत्ती बंद करो."

दिवे गेले. रीळ फिरायला लागलं. महादूबुवांनी चिपळी उचलली, क्षणभर धरली आणि सतरंजीवर ठेवून दिली. या आख्यानाला त्यांच्याकडे चाल नव्हती. हॉलमध्ये यंत्राची तेवढी घरघर राहिली.

भिंतीवर मुरादनं हात लांब करून खिंड दाखवली. खरी. पलटण सरकली. मग पहिल्या छपरातून धूर निघाला, दुसऱ्यातून ज्वाळा, आणि गुलजमीना दारात उभी राहून कुणाला तरी हाक मारत होती, ज्या हाकेला आवाज नव्हता. पदक लावलेला मुराद निशाणाकडे वळला. कुणी टाळी वाजवली नाही.

कावेरी थाळी घेऊन अंधारातून यंत्रापाशी गेली. थाळीत अष्टगंध नव्हतं, नुसती खडीसाखर. ती हमीदभाईंच्या समोर थांबली आणि या वेळी तिनं नजर वर उचलली.

त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते जळणारं गाव बघत होते. गालावरून पाणी उतरत होतं आणि एक हात यंत्राच्या बटणावर होता, रीळ अडकू नये म्हणून. तिच्यामागे अंधारात संजयकाका उभे होते, काळं कपाळ घेऊन. थाळी तशीच धरून कावेरी उभी राहिली, हमीदभाईंचा हात मोकळा होईपर्यंत.